अंगठ्याखालचा दोरा

नाही शेठ, स्पिनिंगचा रॉड दाखवूच नका. तो तिथेच राहू द्या भिंतीला. सोपा असतो तो, माहितीये मला, सगळ्या जगाला माहितीये — म्हणून तर सुट्टीवर आलेली माणसं तो घेऊन जातात आणि बंधाऱ्यावर उभी राहून फोटो काढतात. मी काय फोटो काढायला जातो? मला बेटकास्टिंगचाच हवाय. रीळ वर बसणारा, मुठीखाली बोट अडकवायला चाप असलेला, जन्मभर वापरला तसा. आणि तुम्ही मला एकामागून एक तीन दिलेत आणि तिन्ही भिकार निघाले. हो, भिकार! येऊ दे राग. पहिल्याचा शेंडा लुळा — आमिष इकडे आणि शेंडा तिकडे. दुसरा इतका ताठ की झाडू बरा. आणि हा तिसरा — आणलाय बघा, माझ्या जुन्या रिळासकट आणलाय, म्हणजे उद्या तुम्ही म्हणायला नको की रीळच खराब असेल — याची मूठ नको तेवढी लांब, कोपराला अडते. आठवड्यातून एक दिवस माझं सलून बंद असतं, तेवढाच काय तो दिवस मी खाडीच्या तोंडाशी जातो, आणि तो सगळा दिवस काय करतो? तर दगडावर बसून गुंता सोडवतो. लोक मासे धरतात, मी गुंता धरतो.

गुंता म्हणजे कसला? अहो, महिनाभर न विंचरलेलं एखादं पोर आई आमच्याकडे आणून बसवते ना, तसलं डोकं रिळात तयार होतं. परवा तर मी खिशातला कंगवा काढला. हसू नका! कंगव्याचे दात गेले, गुंता आहे तिथेच. आणि शेजारी आमचे साडू — आम्ही दोघं बरोबर जातो, बायका बहिणी-बहिणी, आम्ही मासेमारीचे भाऊ — ते काय म्हणाले सांगू? ‘नाचता येईना अंगण वाकडं.’ उचलली जीभ लावली टाळ्याला. ह्या माणसाला रीळ कसं धरायचं ते मी शिकवलं, शेठ! आणि आता मला अंगण वाकडं.

काय म्हणालात? अंगठ्याचं काय? नाही, बोला ना, मोठ्यानं बोला. मला अंगठा शिकवताय होय? अहो, सगळा खेळच अंगठ्याचा, हे तुमच्याच गिऱ्हाइकांना इथे, ह्याच काउंटरपाशी उभं राहून मी फुकट समजावलंय — की बाबा, फेकलं की दोऱ्याचं चाक गरगर फिरतं, त्यावर अंगठा ठेवायचा, पण दाबायचा नाही, नुसता टेकवायचा, झोपलेल्या बाळाच्या गालावर ठेवतो तसा. दोरा सुटताना अंगठ्याखाली कळतो, किती वेगात चाललाय ते. आणि आमिष पाण्याला टेकायच्या क्षणी दाबायचा, बस्स. नाही दाबला तर आमिष थांबतं आणि चाक फिरत राहतं, दोरा जाणार कुठे? आतल्या आत. झाला गुंता. हे मला झोपेत विचारलंत तरी सांगेन. त्यामुळे अंगठ्याचं काही नाहीये. रॉडचंच आहे. मला सात फुटाचा द्या, कणखर, फक्त शेंडा तेवढा झटकन परतणारा, आणि दोरा ओवायच्या कड्या खाऱ्या पाण्यात न गंजणाऱ्या. आणि हलका. हलका महत्त्वाचं. हात भरून येतो हल्ली. म्हणजे — भरून येतो म्हणजे काय, वयच झालं ना. तुमचा नाही भरून येत?

घेतो ना, चहा घेतो, तुम्ही मागवलाच आहे तर. नाही, पण त्या कोपऱ्यातला काढा की जरा, तो बुचाच्या मुठीचा. हां. हा बरा वाटतोय हाताला... म्हणजे तसा बरा. सांगता येत नाही. पूर्वी मी नुसता उचलून सांगायचो, हा चालेल, हा नाही चालणार. आणि तुम्ही कानावरची ती पट्टी अजून काढली नाही का हो? केवढं लागलं होतं ते! इतके दिवस कशाला मिरवायची? आणि शेठ, मी परत सांगतो, तुम्ही हललात. मी वस्तरा कानामागे नेला आणि तुमचा फोन वाजला आणि तुम्ही हललात. गिऱ्हाईक हललं तर आम्ही काय करणार? तुम्ही काही बोलला नाहीत ते बरं केलंत, मोठेपणा तुमचा, पण माझी लेक पलीकडच्या खुर्चीवरून बघत होती ना, आणि तिच्या तोंडावर मी तेव्हाच म्हणालो, शेठ हलले. ती हल्ली बोलतच नाही. बोलली असती तरी परवडलं असतं.

अहो! हात काय ओढताय? काय झालं? भाजलं? कुणाला? ... मला? नाही, काही नाही, ग्लास जरा... लाल झालाय होय. फोड येईल म्हणता. येऊ दे. नको, पाणी नको, सांगितलं ना नको. गरम होता तर सांगायचं ना आधी! चहावाल्याला कळत नाही का, उकळता चहा काचेच्या ग्लासात... हो, तुमच्याही हातात तोच ग्लास आहे. हो, तुम्ही काठाला धरलाय. दिसतंय मला, डोळे आहेत अजून.

बरं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? झोपलाय तो. अंगठा. आणि त्याच्या शेजारचं बोटही, अर्धं. आधी रात्री मुंग्या यायच्या, मी म्हटलं दिवसभर कात्री चालते, येणारच. मग मुंग्या थांबल्या, मला वाटलं बरं झालं. कसलं बरं! मनगटात नस दबलीये. डॉक्टर टाचणी टोचत होते आणि मला विचारत होते, कळलं का, आणि मी बघून बघून हो म्हणत होतो — टाचणी दिसली की हो. तर त्यांनी मला डोळे मिटायला लावले. मग मी गप्प बसलो. म्हणाले, फार उशिरा आलात. ऑपरेशन करू, आहे ते आणखी बिघडणार नाही, पण गेलेली जाण परत येईल याचा भरवसा देत नाही. कुणाला सांगितलं नाहीये मी. बायकोला नाही, साडूंना तर नाहीच, आणि लेकीला... कशाला सांगू? अहो, माझ्या धंद्यात कात्रीचं एक पातं स्थिर असतं आणि दुसरं अंगठा हलवतो. तोच हलवतो, बाकीची बोटं नुसती सोबतीला. इतकी वर्षं ह्या अंगठ्यावर घर चाललं, तिचं शिक्षण, सगळं, आणि आता ऐन वेळी त्यानंच मला अंगठा दाखवला.

लेक हुशार आहे हो. म्हणजे चांगलीच हुशार. तिला मीच शिकवलं, फुग्यावर साबण लावून वस्तरा फिरवायला लावायचो, फुगा फुटला की परत. आता माझी जुनी गिऱ्हाइकं आत येतात आणि आधी तिच्या खुर्चीकडे बघतात, रिकामी आहे का. कानामागून आली आणि तिखट झाली. असं मी चारचौघांत म्हणतो, हसतो, अभिमानानंच म्हणतो, पण घरी गेल्यावर... जाऊ दे. आणि हल्ली तिचं काय चाललंय बघा — कुणी दाढीला आलं की ती मध्येच म्हणते, बाबा, तुमचा फोन आलाय. बाबा, दुधाचं सांगून या. बाबा, जरा गल्ल्यावर बसा ना, माझे पाय दुखतायत — असं म्हणते आणि स्वतः गिऱ्हाइकापाशी उभीच राहते. पाय दुखतात म्हणून कुणी उभं राहतं का शेठ? मला काय कळत नाही? चिडतो मी. परवा तर ओरडलो तिच्यावर, गिऱ्हाइकासमोर. म्हटलं, दुकान माझ्या नावावर आहे, मी बसायचं की उभं राहायचं ते मी ठरवीन. ती टॉवेल घडी करत राहिली.

आता काय? बाहेर कुठे? मागच्या गल्लीत? कशाला तमाशा, मला रॉड द्या आणि मोकळं करा. ...बरं, चला. ह्याच रॉडनं? मीच परत करायला आणलेल्या? आणि पुढे काय, रबराचा गोळा? बिनगळाचा, हो, शहाणे आहात, कान एकच राहिलाय तुमचा. ती बादली? तिच्यात टाकायचा? टाकतो. हे बघा. — झालं. बघितलंत? झाला गुंता. आता म्हणा रॉड चांगला आहे.

नका, नका सोडवत बसू, मी... सुटला? बोटं चांगली आहेत तुमची. अहो पण हे काय, त्या हातात कशाला? डावखुरा नाहीये मी. नाही जमायचं. जेवताना डाव्या हातानं पाणी पितो तेवढाच त्याचा अभ्यास. हां, रिळाचं हँडल उजवीकडे आहे, ते खरं. म्हणजे डाव्यानं फेकायचं, डाव्यातच धरून ठेवायचं आणि उजव्यानं गुंडाळायचं... हात बदलायलाच नको. अरेच्चा. गुंडाळायला काय, उजवा अजून मजबूत आहे, त्याला फक्त कळत नाही. बघू. सरका तिकडे. मागे कुणी नाही ना? — हॅत्! पडला तो शटरपाशीच, बादली राहिली कुठल्या कुठे. लहान पोर बरं टाकेल. हसा, हसा.

...थांबा. गुंता नाही झाला.

नाही झाला हो. चाक फिरलेलं कळलं मला. दोरा अंगठ्याखालून गेलेला कळला, शेवटी थांबताना तो जरासा थरथरतो ना, तेसुद्धा. विसरूनच गेलो होतो तसं कळतं म्हणून. परत. परत टाकतो. — हां! आता थोडा पुढे. बादली दूरच आहे, पण जाईल. चार-दोन महिने लागतील, जाईल. आणि तुम्ही, शेठ, पहिल्याच दिवशी बोलायला काय झालं होतं? मूग गिळून एकामागून एक रॉड काढून देत बसलात. हो, मी बोलू दिलं नाही, हेही खरं. म्हणजे रॉडमध्ये दोष नव्हताच. कुठल्याच.

रॉडला डावं-उजवं नसतं, कुठल्याही हातात द्या. कात्रीला असतं हो. मिळते, डावी कात्री मिळते, मला नका सांगू, मी धंद्यातला माणूस आहे. पण शिकायचं कुणावर? इथे बादली चुकली तर गोळा शटरला लागतो. लोकांचे कान म्हणजे काय गल्लीतल्या बादल्या आहेत?

तुमचा फोन वाजला नव्हता, शेठ. तो नंतर वाजला. तुम्ही दगडासारखे बसला होतात.

काही बोलू नका. रॉड राहू द्या, नेतो हाच. दुसरा नको, हलकाही नको, काही नको. फक्त एक काम करा माझं. लेकीला मी सांगणार होतो, रोज शटर उघडताना म्हणतो आज सांगू, आणि रोज पहिला टॉवेल झटकला की जीभ अडकते. तर पुढच्या वेळी याल ना, तेव्हा सरळ तिच्या खुर्चीत बसा. माझी रिकामी असली तरी. मी टॉवेल झटकून ‘या शेठ’ म्हणेन, तोंडाची सवय आहे, जाणार नाही — तरी तिच्याकडेच बसायचं. माझ्याकडे बघायचं नाही, आरशातूनही नाही. तिला कळेल. मग ती विचारेल, आणि मग मला सांगावं लागेल.

बसाल ना?

बरं, जा आता आत, केव्हाचं गिऱ्हाईक उभं आहे तुमचं. मी आणखी दोन-चार टाकतो आणि जातो. आणि ती पट्टी काढा हो, जखम कधीच भरलीये.