डोळ्यामागचं दुखणं

(जळगाव, १९८९. लोक ज्याला 'शेकायचा दवाखाना' म्हणतात तिथली आतली खोली. धरणगावचे शिंपी भाईदास टेबलावर पालथे झोपलेत. फिजिओथेरपिस्ट बागूलताई त्यांची मान तपासताहेत. बायको कलाबाई स्टुलावर.)

ताई : परत उठलात. भाईदासभाऊ, जरा वेळ तरी मान सैल सोडा.

भाईदास : ताई, ते लाल दिवानं मशीन लावा ना. नुसता हात फिरवीसन काय व्हई?

ताई : शेक नंतर देते. आधी मान बघू दे.

कलाबाई : आसंच शे, ताई. रातले उठीसन बसस, जेवत नही. डॉक्टरनी आठे धाडं तवयफाईन तं बोलतबी नही.

ताई : का हो? काय म्हणाले डॉक्टर?

भाईदास : मानना फोटो काढा, डोळामा बत्ती मारी, अन् सांगं, जा, मान चोळी ल्या. माले समजनं.

ताई : काय समजलं?

भाईदास : काही नही. वाल्मीक हजामत करस ना, तो मान कटकन मोडस. तवय घडीभर बरं वाटस.

ताई : ते बंद करा. असे झटके मानेला बरे नाहीत. आता कवटीच्या खाली, उजवीकडे दाबते. दुखलं तर बोला.

भाईदास : तठे नही, ताई, डोळाना मांगे... थांबा. थांबा.

ताई : काय झालं?

भाईदास : तेच शे. रोज डोळाना मांगे निघस ना, तेच. तुम्हले जागा कशी सापडनी?

ताई : ते निघतंय मानेतून, कळतं डोळ्यामागे. हलू नका, बोट तसंच ठेवते. आता?

भाईदास : उतरी ऱ्हायनं.

ताई : मानेचे वरचे सांधे जखडलेत. दिवसभर मशीनवर मान घालून बसता, दुसरं काय होणार?

भाईदास : खरं सांगा, ताई. मनी बायको आठे बशेल शे म्हनीसन लपाडू नका. गाठ शे का?

ताई : कसली गाठ?

भाईदास : डोकामा. मना मोठा भाऊ देवचंद, तेनंबी डोकंच दुखे. धुळाले नेथं. शेवटले डॉक्टर म्हने, घर ली जा, तेल चोळा. आम्ही चोळं. पोयाना सनले मरी गया तो.

ताई : आणि तुम्हाला चोळायला पाठवलं, म्हणून तुम्हाला वाटलं...

भाईदास : मंग काय वाटनार? दिवाईफाईन दुखी ऱ्हायनं. म्हनं, आते मनी पाळी उनी.

ताई : भावाला उलट्या व्हायच्या? झटके यायचे?

भाईदास : दोन्ही. शेवटले दिसेबी नही.

ताई : तुम्हाला यातलं काही नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीत तसं लिहिलंय. डॉक्टरांनी डोळ्यात बत्ती मारली ती गाठीचं काही दिसतं का, ते बघायला. चार-सहा वेळा यावं लागेल, घरी व्यायाम करावा लागेल. काही वेगळं दिसलं तर मीच तुम्हाला परत त्यांच्याकडे पाठवीन.

कलाबाई : दिवाईफाईन?

भाईदास : तू गप ऱ्हाय.

कलाबाई : दिवाई व्हयनी अन् तुम्ही आपली पोर रत्नाकरता पोऱ्या दखाले निंघनात. मी म्हनं, नववी तरी व्हऊ द्या. तुम्ही म्हने, स्थळ चांगलं शे. अमळनेरले जाईसन सुपारी फोडी उनात. आखाजीले लगीन.

ताई : अक्षय्य तृतीयेला लग्न? रत्ना केवढी?

कलाबाई : पंधरानी. शाळामा हुशार शे.

भाईदास : मी गऊ तं तिना हात कोन पिवळा करी? देवचंदन्या दोन्ही पोरी आजून घर शेतस. कोन दखस तेस्कडे?

कलाबाई : माले सांगतात तरी.

भाईदास : सांगीसन तू रडती.

कलाबाई : ती रोज रडी ऱ्हायनी, ते चालस?

ताई : मान परत ताठ झाली, भाऊ. सैल सोडा.

भाईदास : कशी सोडू? सुपारी फुटनी, ताई. चार मानसंस्मा जबान दिधी. आते अमळनेरले जाईसन काय सांगू? मी मरनार नही, म्हनीसन लगीन मोडा?

कलाबाई : हा. तसंच सांगा. मी संगे येस.