दुःख नाही हो, दुखणं

…आणि वर मलाच विचारतात, 'तुला कसलं गं एवढं दुःख?' तुम्हाला सांगते, दोन वर्षं माझं अंग दुखतंय, आज मान, उद्या कंबर, परवा पिंढऱ्या, भाडेकरूसारखं खोल्या बदलत फिरतं, लेकीची वेणी घालायला हात वर केला की खांद्यातून कळ, आणि तपासण्या सगळ्या नॉर्मल, म्हणजे मीच बिघडलेली, हो की नाही? शेवटी इथे सिंगापुरात एका मराठी डॉक्टरीणबाईंनी नाव काढलं, फायब्रोमायल्जिया. मी सातवी शिकलेली, ते म्हणता यायलाच आठवडा गेला. म्हणाल्या, "ही गोळी डिप्रेशनची, पण तुला दुखण्यासाठी देतेय. असं समज, वरच्या मजल्यावर ड्रिल चाललंय, आणि तुझ्या मेंदूला वाटतं आपलीच भिंत फोडतायत. गोळी तो आवाज कमी करते." पटलं. हौगांगच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला ड्रिल काय असतं ते सांगावं लागत नाही.

मी मुळात घाबरट, पहिली गोळी घेऊन तासभर आरशात जीभ बघत बसले. पण सहाव्या आठवड्यात गार्गीच्या दोन्ही वेण्या घातल्या, रिबिनीसकट.

आणि ही आमची गार्गी, वय वर्षं सात, व्हिडिओ कॉलवर आजीला गोळ्यांचं पाकीट दाखवून इथल्या सिंगापुरी इंग्रजीत सांगते, "आजी, मम्मा ईट सॅड पीपल मेडिसिन, लाह." अलिबागला सासूबाईंना कळलं नसतं हो, पण शेजारी नणंद, क्षिप्रा. एरवी चहाचं आधण ठेव म्हटलं तर तिला ऐकू येत नाही, पण हे लगेच भाषांतर करून दिलं, "वहिनी दुःखाच्या गोळ्या खाते."

झालं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. "आम्ही काय कमी केलं गं? तुला कधी सून म्हणून वागवलं का मी?"

"आई, दुःख नाही हो, दुखणं."

"म्हणजे मी मन दुखावलं तुझं?"

आता बोला.

संध्याकाळी आमचे हे जुरोंग आयलंडवरच्या कामावरून आले ते बूट न काढताच दारात उभे. "आई रडतेय. माझं काही चुकलं का? त्या गोळ्या बंद कर बघू, रविवारी सेंटोसाच्या बीचवर जाऊ." अहो, दुःख नाही, दुखणं… समुद्र बघून मान सुटते का कुणाची?

तरी ऐकलं मी. चार दिवस बंद. चक्कर काय, मळमळ काय, आणि चौथ्या दिवशी कंगवा हातातून खाली. पोर मोकळ्या केसांनी शाळेत, आणि बाईंची चिठ्ठी घरी. डॉक्टरीणबाई तर एवढ्या रागावल्या, म्हणाल्या, "कुणाला विचारून बंद केलीस?" काय सांगू, सेंटोसाला विचारून?

मग रविवारी मीच कॉल लावला. ह्यांना शेजारी बसवलं, तिकडे सासूबाई, क्षिप्रा, सगळी हजर. गोळी जिभेवर ठेवून दाखवली, पाणी प्यायले आणि म्हटलं, "ही मी रोज घेणार. दुःख नाही, दुखणं आहे. आणि दुःख असतं तरी घेतली असती, त्यात काय चोरी? आई, तुमचे गुडघे धरतात तेव्हा मी विचारते का, गुडघ्यांना कसलं दुःख म्हणून?"

तिकडे सासूबाईंनी पदराने फोन पुसला, इकडे सगळा अंधार. मला वाटलं नेट गेलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "बरोबर आहे गं तुझं. नको बंद करू. पण माझ्या जिवाला आता चैन नाही. मीच येते तिकडे महिनाभर, तुझं मन रमवायला." आणि ह्यांनी, माझ्याकडे न बघता, पंधरा तारखेचं तिकीट काढलंसुद्धा.

काल डॉक्टरीणबाईंना विचारलं, "ही गोळी खऱ्या दुःखावरपण चालते ना?"

"चालते की. पण त्याला डोस जरा वाढवावा लागतो."

म्हटलं, "मग पंधरा तारखेपासून वाढवा."