शेवटचा साचा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक आई आणि तिची लग्न ठरलेली मुलगी बसल्या होत्या. आईने तोंडावर रुमाल धरला होता.

“आई, दात सरळ करायचे साचे पार्सलने मागवलेस आणि मला पत्ताच नाही.”

“हळू बोल गं. लोक ऐकतायत.”

“ऐकू देत. डॉक्टरला न दाखवता?”

“कंपनीने ठसा घ्यायचा मऊ लगदा पाठवला होता. तो चावून दातांचा ठसा पाठवला, की सगळे साचे एकदम घरी आले.”

“मग दात हलायला कसे लागले?”

“नंबराप्रमाणे एकेक साचा पंधरा दिवस घालायचा होता. मी मधले सोडले आणि एकदम शेवटचाच घातला.”

“आई, ते काय बसचे थांबे आहेत?”

“लग्न जवळ आलं ना.”

“लग्न माझं आहे. तुझे दात कोण बघणार होतं?”

“लग्न ठरलं त्या दिवशी, फोटो काढताना, तूच कानात म्हणालीस, ‘आई, तोंड मिटून हस.’”

मुलगी बराच वेळ चपलेच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. मग आतून हाक आली.

“मी येऊ आत तुझ्याबरोबर?”

“ये. शेवटचाच का घातला असं डॉक्टरांनी विचारलंच, तर सांगू, चष्म्याशिवाय मला साच्यावरचा नंबर दिसला नाही.”