डाव्या हातातलं रक्त

सन्माननीय अध्यक्ष, आपल्या आरोग्य केंद्राचे डॉक्टर गजेंद्रसाहेब, व्यासपीठावरचे सरपंच पंजाबराव, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या प्रयोगशाळेतल्या धम्मशीलाताई, आणि पंख्याखालच्या खुर्च्या आधीच धरून बसलेल्या माझ्या मायबहिणींनो,

मी सुभद्राबाई, निवृत्त शिक्षिका. माझा स्वभाव संशयी आहे हे नव्यानं सांगायला नको; दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून बघणारी बाई म्हणून गाव मला ओळखतं. ताईंबद्दल चार गोड शब्द बोलावेत म्हणून मला बोलावलंय. मी मात्र थोडं कडू बोलणार आहे, तेही माझ्याबद्दलच.

दोन वर्षांपूर्वी इथे पाळी थांबलेल्या बायकांसाठी शिबिर झालं. हाडं किती वेगानं झिजतात ते रक्तावरून समजतं, कोणाचं हाड मोडण्याचा धोका जास्त तेही आधी ओळखता येतं, असं ताई घरोघरी सांगत होत्या. माझा डावा हात तेव्हा कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये. माहेरी वडनेर भोलजीला ओसरीवर बसता बसता तोल गेला आणि मनगट मोडलं. म्हणजे सगळ्यांत आधी मीच जायला हवं होतं, नाही का? पण फुकट तपासणी, तीही उपाशीपोटी? आणि रक्त शहरात कशाला न्यायचं? विकत असतील, असं माझ्या मनानं घेतलं. ताईंना तोंडावर नाही म्हणवेना. मग सुनेला, अपेक्षाला म्हटलं, "माहं रक्त यायले कायले देऊ? तू जाय, नाव माहं सांग."

तीस वर्षं हजेरी घेतली मी. दुसऱ्याच्या नावानं 'हजर' म्हणणारी किती पोरं बाकावर उभी केली असतील!

रक्त घेणारे शहरातले, त्यांना चेहरे ठाऊक नव्हते. ताई आतल्या खोलीत नळ्या डब्यात लावत होत्या. अहवाल आला तो तरण्याताठ्या बाईसारखा. नुकतंच हाड मोडलेल्या बाईच्या रक्तात काहीच दिसू नये? साहेबांना शंका आली, आणि ती आली ताईंवर. नळ्यांची अदलाबदल केली म्हणून त्यांना नोटीस निघाली.

ताई घरी आल्या. रक्त कोणत्या हातातून घेतलं, एवढंच त्यांनी विचारलं. अपेक्षानं सांगितलं होतं तसं मी ठोकून दिलं, "डाव्या." शिबिराच्या दिवशी तो हात प्लास्टरमध्ये होता; ते निघून आठवडाच झाला होता. ताई त्या हाताकडे बघत राहिल्या, मग चहा पिऊन गेल्या.

आज नाव सांगतील, उद्या सांगतील, म्हणून मी धास्तावलेली. त्यांनी सांगितलंच नाही. तेव्हाही मला वाटलं, हिचा काहीतरी डाव असणार. शेवटी मागच्या महिन्यात मीच विचारलं, काऊन गप्प राह्यल्या? म्हणाल्या, "तुमचं नाव घेतलं असतं, तं आपलंबी चव्हाट्यावर येईन म्हणून पुढच्या शिबिराले गावातली एकबी बाई आली नसती."

पुढच्या शिबिराला त्र्याण्णव बायका आल्या. त्यातल्या अकरा जणींना वेळेवर औषध सुरू झालं. त्यातल्या काही आज समोरच बसल्या आहेत.

साहेब, ताईंच्या सेवापुस्तकात तो शेरा अजून तसाच आहे. हा घ्या माझा सहीचा कबुलीजबाब, खाली अपेक्षाचीही सही आहे. सह्या पडताळून घ्या, मी तर घेतल्याच असत्या.

तुम्ही सगळ्यांनी एवढं ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. बोलताना चुकलं असेल तर माफ करा, असं मी आजवर प्रत्येक सभेत म्हणत आले, आणि एकदाही मनापासून म्हटलं नाही. आज मनापासून मागते. ताई, माझ्यामुळे तुम्ही दोन वर्षं चोर ठरलात. मला माफ करा.