पाय कुणाचे?

निलूका : सात टेक झाले, दिनुली. सात! गुडघे टेकतेस, हात जोडतेस आणि कपाळ खाली न्यायचं म्हटलं की घोडं अडतं. घरी कधी वाकत नाहीस का?

दिनुली : वाकते ना, मिस. रोज शाळेला निघताना. आच्चीपुढे.

निलूका : मग इथेही तेच करायचं. सिनेमातली पोर परीक्षेला निघालीय, अम्माच्या पाया पडते. संपलं.

दिनुली : या माझ्या अम्मा नाहीत.

निलूका : अगं, नटी आहे ती! आच्ची, नातीला तुम्हीच समजवा. ऊन त्या फणसामागे गेलं की आजचा दिवस फुकट, आणि उद्या हे घर आपल्याला मिळणार नाही. अख्खा सिनेमा या एका नमस्कारावर उभा आहे हो!

आच्ची : रागावू नका, मॅडम. हिची आई कुवेतला घरकामाला निघाली, त्या दिवशी ही बया विहिरीमागे लपून बसलेली. व्हॅनवाला हॉर्न वाजवून वाजवून दमला.

दिनुली : मला वाटलं, मी पाया पडले नाही तर अम्मा निघायचीच नाही.

निलूका : आणि?

दिनुली : गेली. तीन वर्षं झाली. तो नमस्कार मी तिच्यासाठी ठेवलाय. आधी दुसऱ्याच अम्माला कसा करू?

आच्ची : ऐकलंत? आता सत्तर टेक घ्या तुम्ही.

निलूका : (कॅमेऱ्यातून पाहत) चौकटीत नुसती पावलं आहेत. पावलं आणि साडीचा काठ. आच्ची, ती साडी तुम्ही नेसाल?

आच्ची : मी? आता या वयात नटी व्हायचं? टाचा बघा माझ्या, भाताच्या चिखलात फुटलेल्या. तुमची अम्मा तिशीची.

निलूका : तिची नखं रंगवलेली आहेत. सकाळपासून मला तेच खुपतंय. दिनुली, आच्चीपुढे वाकशील?

दिनुली : ते तर रोजचंच आहे.

आच्ची : नेसले बाई साडी. थांबा, चप्पल काढते. हं.

निलूका : आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. ॲक्शन!

आच्ची : बुद्ध तुला सांभाळो, पोरी. नीट जा.

निलूका : कट! आच्ची, बोलायचं नव्हतं ना!

आच्ची : पोर पायावर डोकं ठेवते आणि मी मुकी उभी राहू? तोंड आपोआप उघडतं, बाई. घ्या पुन्हा.

निलूका : नको. हाच ठेवते. आवरा रे सगळं!

दिनुली : मिस, हा सिनेमा कुवेतला दिसेल?

निलूका : दिसेल. फोनवर तरी दिसेलच.

दिनुली : मग अम्माला सांगा हं, मी दुसऱ्या कुठल्या अम्माच्या पाया पडले नाही. ते पाय आच्चीचे होते.

आच्ची : सांगायला कशाला हवं? निघताना याच पायांवर डोकं ठेवून गेलीय ती.