वाल पेरलेले मैदान

जबाब देणार : श्रीपत धोंडू उतेकर, वय ६३ वर्षे, व्यवसाय शेती व कबड्डी प्रशिक्षक, राहणार खालची वाडी, मौजे कातळवणे, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. शिक्षण दहावी. वाचन पुष्कळ आहे, परंतु त्यासाठी रकाना नाही असे सांगण्यात आले.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी जन्मापासून राहतो. पत्नी तुळसा चार वर्षांपूर्वी वारली. मुलगी सारिका लग्न होऊन डोंबिवलीस असते. घरी मी एकटा असतो. घरासमोर माझे भाताचे खाचर आहे. सातबारा माझ्या नावावर आहे. भात कापून झाले की त्या खाचरात आमच्या नवतरुण क्रीडा मंडळाचे कबड्डीचे मैदान तयार होते व ते शिमग्यापर्यंत राहते. त्यामुळे तेथे वाल पेरता येत नाही. आजूबाजूच्या सर्वांच्या शेतात वाल असतो. याबद्दल माझी आजवर तक्रार नव्हती.

मैदान मागण्याची रीत अशी आहे. दिवाळीनंतर मंडळाचे लोक नारळ घेऊन माझ्या ओटीवर येतात. संघातला सर्वांत लहान खेळाडू विचारतो, "दादा, शेत देता काय?" मी "घ्या" म्हणतो. नारळ फोडतात, चहा होतो. कागद कधी केलेला नाही. याही वर्षी नारळ आला होता व मी शिमग्यापर्यंत शब्द दिला होता. ते मी नाकारत नाही.

बावीस वर्षे मी या संघाचा प्रशिक्षक होतो. यंदा संघ सुरुवातीचे सर्व सामने हरला. कारण विचारले म्हणून सांगतो. आमचे चढाई करणारे तिघेही मुंबईत गोदामात कामाला आहेत. शनिवारी कामावरून सुटून जीपमध्ये बसतात, रविवारी पहाटे उतरतात, दुपारी खेळतात. ज्याला झोप नाही त्याचा दम टिकत नाही, मग प्रशिक्षक कोणीही असो. गावात पोट भरत नाही म्हणून माणसे जातात, आणि गावाचा संघ हरला की गावात उरलेल्याला दोषी धरले जाते. हा अन्याय आहे आणि तो कबड्डीपुरता नाही. हे वाक्य जसेच्या तसे लिहून घ्यावे, अशी मी विनंती केली.

हंगाम चालू असतानाच डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळाच्या मुंबईकरांनी मोबाइलवर बैठक घेतली, मला काढले व ऋत्विक जाधव यास नेमले. तो मुंबईत एका कंपनीच्या संघाकडून खेळतो. मुलगा चांगला आहे. त्याला पकड मीच शिकवली. मला कोणी कळवले नाही. मंडळाच्या ग्रुपमधून माझा नंबर काढलेला दिसला, त्यावरून समजलो. सराव महाडला मॅटवर होऊ लागला. गावचे सामने मात्र माझ्या खाचरातच व्हायचे होते.

मोरू सकपाळ याची चहाची टपरी माझ्या बांधावर आहे. टपरीवरचे बोलणे माझ्या ओटीवर स्पष्ट ऐकू येते. तेथे रोज सायंकाळी या विषयावर वाद होत असे. जुने खेळाडू कुशाबा मोरे म्हणाले, "श्रीपतचा खेळ मातीतला. आता मॅट हाय. पोरं बूट घालून खेळतात." त्यावर आनंदीबाई, ज्यांचा नातू अनिल संघाचा कप्तान आहे, म्हणाल्या, "मग परवा बूट घालूनच हरलात ना रे?" मोरू म्हणाला, "काकी, नव्याला दोन-चार सामने तरी दे. सून उंबऱ्यात आली नाय तर भाकरी मोजायला बसलीस!" आनंदीबाई म्हणाल्या, "बसले तर बसले. पण जुन्याला कोणी सांगितलाय काय, तू आता नकोस म्हणून?" कुशाबा म्हणाले, "सांगायला जायचं कोणी? तू जा गो." त्या म्हणाल्या, "मी काय मंडळात हाय?" माझ्या ओटीवर दिवा चालू होता. तो टपरीवरून दिसतो.

मी चहाला गेलो की कशेडीच्या बोगद्याचा विषय निघत असे. बोगद्याबद्दल त्या दिवसांत मला बरीच माहिती झाली.

मी बोलण्यास न कचरणारा माणूस आहे. मोर्चात, ग्रामसभेत, मार्चमध्ये चवदार तळ्यावर भरणाऱ्या सभेत मी बोललेलो आहे. जे आपले आहे ते खाली मान घालून मागू नका, असे मी लोकांना सांगत आलो. मग स्वतः टपरीवर जाऊन सर्वांना जाब का विचारला नाही, असे मला विचारण्यात आले.

काढल्यानंतरही मी रोज सकाळी मैदानास पाणी मारीत होतो. पाणी मारले नाही तर माती उडते व खेळणाऱ्याच्या छातीत जाते. चुन्याच्या रेघा पुसट झाल्या त्या पुन्हा ओढल्या. त्या काळात मैदानावर कोणी आले नाही.

रविवारी वरंधच्या संघाशी सामना आहे हे माहीत होते काय, असे विचारले. होय. टपरीवरच ऐकले होते. "दादा, रविवारी सामना हाय," एवढे सांगायला कोणी येईल, असे मला वाटत होते. बुधवारी अंधार पडेपर्यंत ओटीवर बसलो. गुरुवारी सकाळी भागोजी कदम याचा पॉवर टिलर आणून खाचर नांगरले व वाल पेरला. वालाला उशीर झाला होता, परंतु रोजच्या पाण्याने जमिनीत ओल होती. टपरी उघडी होती. टिलरचा आवाज वाडीभर जातो. कुशाबा बांधावर उभे राहून पाहत होते. मला कोणी थांबवले नाही. शुक्रवारी व शनिवारीही कोणी काही विचारले नाही.

रविवारी वरंधचा संघ टेम्पोने आला. मंडळाचे सचिव राजेश, म्हणजे या प्रकरणातील फिर्यादी, मुंबईहून आले होते. सर्व लोक माझ्या अंगणात जमले. राजेश म्हणाले, "काका, हे काय केलंत? पाहुण्यांसमोर आमची लाज काढलीत!" मी म्हणालो, "वाल पेरला." ते म्हणाले, "कोणाला विचारून?" तेव्हा आनंदीबाई म्हणाल्या, "अरे, त्याचं शेत, त्यानं कोणाला विचारायचं? तुझ्या मोबाइलला?" काही लोक हसले. राजेश चिडले व तक्रार देण्यास निघाले. शिवीगाळ किंवा मारहाण झाली नाही. आलेल्यांना मी पाणी दिले. तांबे कमी पडले, म्हणून शेजारून आणले. तुळसाच्या तेराव्यानंतर माझ्या अंगणात एवढी माणसे प्रथमच आली होती.

आज ठाण्यात येण्यासाठी मी अनिलच्या रिक्षात बसलो. ठाण्याच्या फाटकाशी तो म्हणाला, "दादा, मी ग्रुपवर तुमच्या विरुद्ध काय लिवलं नाय." मी विचारले, "आणि बाजूनं?" तो वाकून गुडघा चोळू लागला. त्याच्या गुडघ्याची पट्टी चुकीची बांधलेली होती. ती सोडून मी पुन्हा बांधून दिली. हा मजकूर प्रकरणाशी संबंधित नाही असे सांगण्यात आले. तरीही तो ठेवावा.

मैदान पूर्ववत करून दिल्यास मंडळ तक्रार पुढे नेणार नाही, असे मला समजावून सांगण्यात आले. आज सकाळी पाहिले तेव्हा वाल उगवून वर आला होता. तो उपटून, रोलर फिरवून, रेघा ओढून मैदान देण्यास मी तयार आहे. भरपाई नको. मला पुन्हा प्रशिक्षक करावे, अशीही मागणी नाही. शब्द दिला होता तो मी मोडला आणि मलाच तो जोडावा लागेल. माझे म्हणणे एवढेच आहे की, मागायला कोणीतरी ओटीवर यावे. हे राजेश यांना येथूनच फोनवर सांगण्यात आले. नारळ रिक्षाने पाठवून देतो, असे ते म्हणाले. नारळ पाठवू नये, असे मी सांगितले. नारळाशिवाय आले तरी चालेल.

माझा हा जबाब हवालदार तेजश्री यांनी मला सावकाश, मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे. फक्त वर व्यवसायापुढे "कबड्डी प्रशिक्षक" असे मी सवयीने सांगून गेलो. ते खोडून शेती एवढेच ठेवावे. खोडले तेथे मी सही केली आहे.