मशीन बोबडं बोललं तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष शांतारामबाब, व्यासपीठावरच्या पाहुण्या गौरवीताई, नेत्रालयातले माझे सहकारी, पार्स्याहून खास आलेले तनयाचे आईवडील आणि पहिल्याच रांगेत बसलेल्या शिरगावच्या चंद्रावतीबाई, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

तनया उद्या हैदराबादला चालली. संगणकाला माणसासारखं बोलायला शिकवणाऱ्या एका संस्थेत तिला जागा मिळाली आहे. तिच्या हुशारीबद्दल आधीचे वक्ते बोललेच. मी पडलो डोळ्यांचा डॉक्टर. मला एकच प्रसंग सांगायचा आहे, आणि तो तिच्या चुकीचा आहे. काळजी नको, तिला विचारूनच सांगतो.

ऑपरेशननंतर थेंब घालायची आठवण करून देणारे फोन आपल्या पेशंटना जातात, ते काम तनयाचं. वाक्यं इंग्रजी अक्षरांत टाइप करायची, संगणक ती मराठीत बोलणार. त्यात स्मॉल डी म्हणजे द, कॅपिटल डी म्हणजे ड. ल आणि ळचंही तसंच.

एकदा हे फोन लावणाऱ्या सर्व्हरला, म्हणजे मुख्य संगणकाला, वाक्यांच्या फाइलीच सापडेनात. नावांत कुणी कॅपिटल अक्षरं घातलेली, कुणी स्मॉल. आपल्या इथल्या संगणकांना ते चालायचं, सर्व्हर मात्र ती वेगवेगळी नावं समजायचा. कामाची नवी आवृत्ती जुळवून देणाऱ्या सूचनांना ही मंडळी बिल्ड स्क्रिप्ट म्हणतात. तनयाने त्या सूचनांत एक ओळ घातली: सगळी अक्षरं स्मॉल करा. फाइली सापडल्या. तिने एक फोन लावून पाहिला, 'नमस्कार' स्वच्छ ऐकू आलं, आणि ती निर्धास्त झाली. पण ती ओळ फाइलींच्या नावांपाशी थांबली नव्हती, आतल्या वाक्यांतूनही फिरली होती.

दुसऱ्या दिवशी चंद्रावतीबाईंना फोन गेला, 'दाव्या दोल्यात दोन थेंब घाला.'

हसा, मीही आधी हसलोच होतो. पण बाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, उजव्याला काचबिंदूचं वेगळं औषध. मुलगा-सून गावाला गेलेली. आधी 'डाव्या' म्हणणारं मशीन आज 'दाव्या' का म्हणतंय? डॉक्टरांनी औषध तर बदललं नाही ना? भलतंच काही डोळ्यात जायला नको म्हणून त्यांनी दोन्ही बाटल्या बाजूला ठेवून दिल्या. डोळा लाल होऊन दुखायला लागला, तेव्हा त्यांनी नेत्रालयात फोन केला. उचलला नेमका तनयाने.

"बाय, तुमचें मशीन बोबडें उलयता गो," त्या म्हणाल्या.

तनयाने आधी मशीनचे सगळे फोन बंद केले. मग एकेका पेशंटला स्वतः फोन करून थेंबांची चौकशी केली. सुदैवाने बाकीचे ठीक होते. संध्याकाळी ती माझ्याबरोबर शिरगावला आली. मी तपासेपर्यंत दारातच उभी राहिली. सूज होती, पण नजर शाबूत होती. पुढे औषधाने सूजही उतरली. नजर शाबूत असल्याचं मी सांगितल्यावर ती आत येऊन बाईंसमोर जमिनीवरच बसली.

"आजी, मशीनचा दोष नाही. चूक माझी आहे."

बाईंनी तिला निरखून पाहिलं. रागावतील असं मला वाटलं होतं.

"मागीर पयलीं म्हाका आयकय," त्या म्हणाल्या. "म्हाका समजलें, तरच लोकांक धाड."

तनयाने चूक दुरुस्त केली, आणि तेव्हापासून प्रत्येक नवी आवृत्ती आधी शिरगावला ऐकली जाते. 'घाई करता तुमचें मशीन' असं सांगून बाईंनी एकदा ती परतही पाठवली. मंडळी, याहून चांगली परीक्षा कुठली?

परवा तनया आपलं काम तिच्या जागी आलेल्या गौरेशच्या हाती सोपवत होती. अक्षरं स्मॉल करणारी ती ओळ दिसताच तो म्हणाला, ही काढूनच टाकू. तनयाने त्याला थांबवलं.

"काढू नकोस. फाइलींच्या नावांना ती हवीच. फक्त माणसांच्या बोलण्याला तिचा हात लागू देऊ नकोस."

तनया, सुखाने जा. मला बोलायची संधी दिलीत, इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचा मान राखायचा चुकला असेल, तर घरचाच माणूस समजून सांभाळून घ्या.